आराखड्यातल्या निळ्या रेषेबद्दल: नियोजनकारांना खुले पत्र

प्रति,
जमीन वापराचे आराखडे आखणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व नियोजनकार व अधिकारी

स. न. वि. वि.

आत्ता तुमच्या टेबलावर एखादा आराखडा उघडा असेल, तर त्यातली एक निळी रेषा शोधा. नदीची नको, नदीकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. तिला येऊन मिळणारी बारीक रेषा शोधा, जिला बहुतेकदा नावही नसतं. तिच्या दोन्ही अंगांना वेगवेगळे रंग भरलेले असतील, निवासी, शेती, उद्योग, आणि काठाने एक अरुंद पट्टा मोकळा सोडलेला असेल. पट्टा सोडला की ओढ्यापुरतं आपलं काम झालं, असा एकूण समज आहे. त्या समजाविषयीच मला बोलायचं आहे.

वीसेक वर्षं मी ओढ्यांची पाहणी करते आहे. काम सांगायला अगदी सोपं: गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, दगड उलटायचा, त्याला खालून जे काही चिकटलं असेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये झटकायचं, ओळखायचं आणि मोजायचं. लोक काठावरून विचारतात, मासे धरता का? मी म्हणते, माशांचं जेवण मोजते.

चांगल्या ओढ्यातला दगड सहज उचलला जातो, कारण त्याच्याखाली आणि बाजूला पाणी खेळतं राहतं. उलटून धरला की आधी काहीच दिसत नाही. मग एक चपटा, धुरकट ठिपका सरकतो. ते मेफ्लाय या किड्याचं पिल्लू. तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले, आणि ते कल्ले सारखे थरथरत असतात. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी असते. कण मापात निवडलेले, सांधे असे बसवलेले की गवंड्याने बघत राहावं. तिच्यातून कॅडिसफ्लाय या किड्याची अळी डोकं बाहेर काढते, उजेड बघते आणि आत जाते. एका दगडावर कधीकधी सात-आठ जातींचे जीव सापडतात.

अशाच एका ओढ्यावर माझी ठरलेली जागा होती. वरच्या उतारावर जमीन सपाट करायचं काम सुरू झालं. ओढ्यापासून बरंच लांब, तुमच्या मोकळ्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर. नियम कुठेही मोडलेला नव्हता. पुढच्या खेपेला मी नेहमीचा दगड धरला तर तो निघेना. भोवतीच्या फटी बारीक गाळाने लिंपून गेल्या होत्या. हिसका देऊन काढला, तर खालची बाजू काळी आणि कुजक्या अंड्यासारखा वास. ट्रेमध्ये लाल अळ्या आणि केसासारखे बारीक गांडूळवर्गीय किडे, दुसरं काही नाही. त्या अळ्या लाल असतात, कारण त्यांच्या शरीरात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू जेमतेम असलेल्या चिखलातही त्यांचं त्यावर भागतं. मेफ्लायचं भागत नाही, गाळाने कल्ले भरले की ते गुदमरतं. त्या दिवशी पाणी मात्र नितळ होतं. बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवलं असतं तर अहवाल बहुधा समाधानकारक आला असता.

हे सगळं मी एका मंजुरीच्या बैठकीत मांडलं. उत्तर मिळालं, "मॅडम, ओढा तर ले-आउटच्या बाहेर आहे." उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता, खोटंही बोलत नव्हता. त्याच्या नकाशावर ओढा खरोखरच बाहेर होता. अडचण नकाशातच आहे.

ओढा म्हणजे ती रेषा नव्हे. माथ्यापासून ज्या ज्या जमिनीवर पडलेलं पाणी उतरत, जिरत, पाझरत त्या रेषेत येतं, ती सगळी जमीन म्हणजे ओढा. ओढ्यांचे थोर अभ्यासक नोएल हाइन्स यांनी 1975 साली एका व्याख्यानात हेच ठासून मांडलं होतं: पाण्याचा कस, तळाची रेती, त्यातला जीव, सगळं खोरं ठरवतं. ही गोष्ट ओढ्यावर काम करणाऱ्यांना कळून पन्नासेक वर्षं झाली. ती आराखड्यात मात्र अजून उतरलेली नाही.

'जमिनीचा परिणाम पाण्यावर होतो' हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्यावरून कुणीही मान डोलावून पुढे जातो. म्हणून एक जुना प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रूक नावाचं प्रायोगिक जंगल आहे. तिथे 1965 च्या हिवाळ्यात 15.6 हेक्टरच्या एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली. तोडलेलं लाकूड जागच्या जागी पडू दिलं, रस्ता काढला नाही, जमीन उकरली नाही, आणि पुढची काही वर्षं तणनाशक मारून नवी पालवी येऊ दिली नाही. म्हणजे माती हललीच नव्हती, फक्त झाडं नव्हती. पहिल्या वर्षी ओढ्यातून वाहून गेलेलं पाणी 39 टक्क्यांनी वाढलं, कारण ते पिऊन हवेत सोडणारं कुणी उरलं नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मातीत धरून ठेवलेलं नत्र नायट्रेट होऊन धुपू लागलं. त्याचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं आणि एरवी सावलीतला स्वच्छ ओढा उन्हाळ्यात शेवाळाने हिरवा झाला. कुणी त्यात खत टाकलं नव्हतं, सांडपाणीही सोडलं नव्हतं. उतारावरचा हिशेब बदलला, एवढंच.

शेतजमिनीत यावर खत येतं, जनावरांच्या खुरांनी तुटलेले काठ येतात, पाणी लवकर निघून जावं म्हणून खणलेले चर येतात. पण सगळा दोष शेतकऱ्यावर ढकलायची जी हौस शहरातल्या बैठकांमध्ये दिसते, ती मला मान्य नाही. शेतातून पाणी निदान जिरत जिरत तरी येतं. बांधाला गवत असेल, काठाला झाडं असतील, तर वाटेत बराच गाळ अडतो आणि थोडं नत्रही. नांगर थेट काठापर्यंत नेला तर मात्र हे काहीच उरत नाही. त्यात झाडंही गेली की ऊन सरळ पाण्यावर पडतं. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांना साधारण साडेसात. पाणी तापलं की जिवांना प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कमी पडतो.

काठावरच्या झाडांची सावली लोकांना पटते. त्यांची पानं पटत नाहीत, ती कचरा वाटतात. खरं तर उगमाजवळच्या दाट सावलीतल्या ओढ्याचा संसार चालतो तो या कचऱ्यावरच. सूर्यप्रकाश कमी, म्हणून शेवाळ कमी. गळून पडलेलं पान कुजतं, बुरशी चढून मऊ होतं, मग त्याचे लचके तोडणारे किडे येतात, त्यांनी सांडलेले तुकडे खालच्या अंगाला जाळी लावून बसलेले दुसरे किडे गाळून खातात, आणि या दोघांना खाणारे तिसरे. अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायनातल्या कोवीटा इथे संशोधकांनी एका उगमाच्या ओढ्यावर जाळी घातली आणि तीन वर्षं पान पडू दिलं नाही. 1997 साली निष्कर्ष छापून आले: पानं खाणारे कमी झालेच, पण त्यांना खाणारे भक्षक किडेही घटले. पाण्याला कुणी हातही लावला नव्हता.

उलट दिशेचं देणंघेणं जपानच्या शिगेरू नाकानो यांनी दाखवलं, आणि मला हे काम फार प्रिय आहे. होक्काइडो बेटावरच्या होरोनाई ओढ्याच्या काही भागांवर त्यांनी काचघरासारखं आच्छादन घातलं. वरून जंगलातले किडे, सुरवंट पाण्यात पडणं बंद. माशांनी उपाशी थोडंच राहायचं? ते तळाचे किडे खाऊ लागले. तळाचे किडे कमी झाले, म्हणून ते ज्यावर चरायचे ते शेवाळ वाढलं. म्हणजे झाडावरचा सुरवंट पडला नाही, म्हणून पाण्यातला दगड हिरवा झाला. पुढे 2001 साली मुराकामी या सहकाऱ्याबरोबर छापलेल्या मोजणीत दिसलं, की तिथल्या माशांच्या वर्षभराच्या ऊर्जेपैकी 44 टक्के जंगलातून पडणाऱ्या किड्यांची होती, आणि जंगलातल्या पक्ष्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे 26 टक्के ओढ्यातून उडालेल्या किड्यांची. आता मला सांगा, काठ ही हद्द आहे असं धरून यातला कुठला पक्षी कुठल्या विभागाच्या फायलीत घालायचा?

आता तुमच्या मोकळ्या पट्ट्याकडे येते. पट्टा वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. अभ्यासांवरून साधारण 30 मीटरच्या पुढे गेलेला झाडीचा पट्टा बरंच काही सांभाळतो असं दिसतं, आणि त्याहून अरुंद पट्टाही अजिबात नसण्यापेक्षा बरा. पण शहरी भागात तुम्ही वरून पट्टा आखता आणि खालून पाइप काढता. छपरावरचं, अंगणातलं, रस्त्यावरचं पाणी पावसाळी गटारात, गटारातून पाइपात आणि पाइप त्या झाडीच्या मुळांखालून थेट ओढ्यात. ज्या मातीने पाणी गाळायचं, मुरवायचं, थंड करायचं, तिची आणि पाण्याची गाठच पडत नाही. पट्ट्यावर झाडं लावल्याचे फोटो छान येतात. पाइपाचं तोंड फोटोत नसतं.

या पाइपाचा परिणाम पाहायचा असेल तर पाऊस सुरू झाल्यावर जाऊन उभं राहावं. पूर्वी जे पाणी दिवसभरात पोचायचं, ते अर्ध्या तासात येऊन थडकतं. एरवी कधीतरी येणारा लोंढा साध्या सरीलाही येतो. तळ खरवडला जातो, काठ ढासळतात, ओढा खोल आणि रुंद होत जातो, मग ढासळणारा काठ वाचवायला कुणीतरी संरक्षक भिंत मंजूर करतं. आणि जमिनीत मुरलेलं पाणी कमी, म्हणून पाऊस थांबल्यावर पाझरही लवकर आटतो. एकाच ओढ्यात पुराची आणि दुष्काळाची तक्रार येते ती अशी, आणि दोन्हींच्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात. जगभरातल्या शहरी ओढ्यांत लक्षणं इतकी सारखी निघाली, की 2005 च्या सुमारास अभ्यासकांनी त्याला आजारासारखं नावच दिलं: शहरी ओढ्याचा विकारसमूह.

तुमच्या वर्तुळात 10 टक्क्यांचा आकडा बराच लाडका आहे. पाणलोटाचा दहावा हिस्सा सिमेंट-डांबराखाली जाईपर्यंत काळजी नाही, असा त्याचा सोयीचा अर्थ लावला जातो. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या ओढ्यांच्या पाहणीत, कमी होत जाणाऱ्या किड्यांच्या जातींपैकी बहुतेकांची घसरण अर्धा ते दोन टक्क्यांच्या मध्येच सुरू झालेली दिसली. दोन टक्के म्हणजे आराखड्यावर डोळ्यांत भरणारा रंगसुद्धा नव्हे. शंभर हेक्टरांच्या पाणलोटात दोन हेक्टर: काही छपरं, एक रस्ता, एक वाहनतळ. नाजूक जाती आधीच निघून जातात, चिवट उरतात, आणि दहा टक्क्यांना आपण दचकतो तेव्हा जायचे ते केव्हाच गेलेले असतात.

किती जमीन झाकली यापेक्षा त्यातली किती पाइपाने ओढ्याला जोडली, हे जास्त महत्त्वाचं. मेलबर्नजवळ लिटल स्ट्रिंगीबार्क नावाच्या ओढ्याच्या पाणलोटात संशोधकांनी घराघरांत पावसाच्या पाण्याच्या टाक्या आणि पाणी मुरवणारे बागेतले खड्डे बसवून, ही जोडणी तोडली तर ओढा सावरतो का, याचा प्रयोग संपूर्ण पाणलोटावर केला. घरं पाडली नाहीत, माणसं हलवली नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण 'मग काय, लोकांनी राहायचं कुठे?' हा प्रश्न मला दर बैठकीत ऐकावा लागतो, आणि तो विचारणाऱ्याने पाइपाबद्दल कधीच विचार केलेला नसतो.

शिवाय रस्त्यावरून काय काय येतं, हे आधीपासून ठाऊक असतंच असं नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिएटलच्या परिसरात, समुद्रातून शहरी ओढ्यांत परतलेले कोहो सामन मासे पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच मरत. कोडं सुटायला वीसेक वर्षं लागली. 2020 साली कळलं, की टायर लवकर खराब होऊ नये म्हणून रबरात घालतात त्या एका रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन नवं विष तयार होतं आणि झिजलेल्या टायरच्या कणांतून ते पाण्यात उतरतं. कुठल्याही आराखड्यात 'टायरची पूड' असा रंग नाही. रस्त्याचा करडा रंग आहे, आणि तो थेट पाइपाला जोडलेला आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला पचायला जड गेली. काही वर्षांपूर्वी मी एका सुंदर झाडीतल्या ओढ्यावर गेले. दोन्ही काठ गच्च, पाणी थंड, सगळं पुस्तकात असतं तसं. ट्रेमध्ये मात्र मोजक्या चिवट जाती. मी दोनदा, तीनदा नमुने घेतले. वाटलं, माझंच काही चुकतंय. गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाने सांगितलं, "इथं सगळी शेती होती की. माझ्या लहानपणी एक झाड नव्हतं." तेव्हा मला नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागातल्या ओढ्यांवरचा 1998 चा अभ्यास आठवला. तिथे आजच्या मासे आणि किड्यांची विविधता कशावरून ओळखता येते हे तपासलं, तर आजच्या जमीन वापरापेक्षा 1950 च्या दशकातला जमीन वापर जास्त खरा अंदाज देत होता. मधल्या काळात जंगल परत आलं होतं, काठही झाकले गेले होते. ओढ्याला ते पुरलं नव्हतं. जुना गाळ अजून तळात बसलेला असतो, आणि गेलेल्या जातींना परत यायला शेजारी त्यांची वस्ती उरलेली असावी लागते.

म्हणून 'आत्ता बांधू, नंतर पुनरुज्जीवन करू' ही जी ओळ अहवालांच्या शेवटच्या पानावर असते, ती वाचून मी अस्वस्थ होते. पुनरुज्जीवनाच्या नावाखाली तर बहुतेकदा सुशोभीकरणच होतं: दगडी पिचिंग, कठडे, दिवे, बाकं. दक्षिण कोरियातल्या सोलमधला चंगेचोन ओढा 2005 साली वरचा उन्नत रस्ता पाडून मोकळा केला, त्याचं उदाहरण मला नेहमी दिलं जातं. रस्त्यापेक्षा तो हजार पटींनी बरा आहे, लोक तिथे बसतात, मासे-पक्षीही आले. पण त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडलेलं आहे, कारण त्याचं स्वतःचं खोरं शहराखाली गाडलं गेलं आहे. पंपाचं बिल भरायची तयारी असेल तर तेही करता येतं म्हणा.

माझं मागणं काय? पहिलं, कुठलाही भूखंड रंगवण्याआधी त्याच्या पाणलोटाची हद्द आराखड्यावर काढा. 'ओढा ले-आउटच्या बाहेर आहे' हे वाक्य कुणाला उच्चारताच येणार नाही, इतपत ठळक काढा. त्या हद्दीत आधीच किती जमीन झाकली गेली आहे, त्यातली किती पाइपाला जोडली आहे, आणि नव्या प्रस्तावाने त्यात किती भर पडेल, हे एकत्र मोजा. एकेकटा प्रस्ताव नेहमीच छोटा असतो, ओढ्यावर मात्र सगळ्यांची बेरीज येऊन पडते. पाइपाचं तोंड जिथे आहे तिथे काठपट्टा सोडला असं धरू नका. आधी पाणी मुरायला जागा द्या, मग उरलेलं ओढ्यात सोडा. बांधकाम चालू असताना उघडी पडलेली माती एका पावसात जो गाळ देते, तो अडवण्याची अट कागदावर असतेच, ती पावसाआधी तपासायला कुणीतरी जा.

आणि ज्या रेषा नकाशावर नाहीत त्यांच्याकडे बघा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुठल्याही नदीच्या जाळ्याच्या एकूण लांबीचा मोठा हिस्सा असतो तो अगदी वरच्या, पायाने ओलांडता येतील अशा ओहोळांचा. त्यातले कितीतरी वर्षातले काही महिनेच वाहतात. 1:50,000 च्या नकाशात त्यातले पुष्कळसे येतच नाहीत. उन्हात कोरडा दिसला की तो खड्डा ठरतो, खड्डा ठरला की भराव. पण त्या कोरड्या रेतीखाली ओल असते, ओलीत अळ्या असतात, पुन्हा पाणी येण्याची वाट बघत पडलेली अंडी असतात. खालच्या ओढ्याला पानं, किडे, रेती आणि थंड पाणी पुरवणारा तोच. वरचे पाच ओहोळ बुजवून खालच्या ओढ्याला 30 मीटरचा पट्टा देणं, हा हिशेब जमत नाही.

घरं लागतात, रस्ते लागतात, शेतीही लागते. मीही पक्क्या घरातच राहते, माझ्याही छपराचं पाणी कुठल्यातरी पाइपातून कुठल्यातरी ओढ्यात जातं. कुठल्या, हे मी काम सुरू केल्यावर कितीतरी वर्षांनी शोधलं.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल, तर पुढच्या पाहणीला बरोबर चला. अर्धा दिवस पुरतो. एक ओढा भरपूर झाडीचा, एक पाइप सोडलेला, दोन्हीतला एकेक दगड उलटू.

कळावे,

आपली,
ओढ्यांची पाहणी करणारी एक कार्यकर्ती

ता. क. येताना पांढऱ्या तळाचं पसरट भांडं आणा, रंगीत नको, त्यात अळ्या दिसत नाहीत. मोठ्या पावसानंतर लगेच नको, चार-पाच दिवस जाऊ द्या. आणि आराखड्याची एक प्रत बरोबर घ्या. निळी रेषा जिथे संपते, तिथून पुढे वर चालत जायचं आहे.